ब्रेकमधला पुठ्ठा

गौतमदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कामावर होतो. फोन ठेवल्यावर आधी दुःख झालंच नाही... त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली, एवढंच मनात आलं. आज पाच आठवड्यांनी ती इथे लिहितो आहे.

गारखेड्यात दादांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान. दर रविवारी खुलताबादचा घाट चढणाऱ्या आमच्या टोळक्याच्या सगळ्या महागड्या सायकली त्यांच्याच हाताखालून जायच्या. चार वर्षांपूर्वी मी लेहला निघालो, तेव्हा विमानासाठी माझी सायकल त्यांनीच खोक्यात भरून दिली. पेडल काढले, हँडल वळवलं, चाकं काढली, आणि ब्रेकच्या दोन पॅडांमध्ये, जिथे एरवी चाकाची चकती असते, तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवली. ही न घालता लिव्हर दाबला तर आतल्या तेलाच्या जोराने पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसत नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. मी मान डोलावली. घरी मेव्हणे आले होते. तेलाचा ब्रेक कसा चालतो हे त्यांना दाखवायला मी पुठ्ठा उपसला आणि लिव्हर चांगला दाबला. शहाणपण मिरवायची खोड, दुसरं काय. पॅड आपोआप मागे गेले असतील असं समजून खोकं बंद केलं.

लेहला चाक बसेना. दादांना फोन केला. त्यांनी काहीच विचारलं नाही. सपाट पेचकस घालून पॅड हळूहळू बाजूला सार, घाई करू नको, असं सांगत पाऊण तास ते फोनवर थांबले. चाक बसलं. परत आल्यावर लेहला सायकलचं काय झालं असं मित्रांनी विचारलं तेव्हा मात्र माझी जीभ कचरली, आणि पॅकिंगमध्ये दादांचंच काहीतरी चुकलं, असं मी बोलून गेलो. त्यानंतर आमच्यातल्या कुणीच विमानाने न्यायची सायकल त्यांच्याकडे भरायला दिली नाही. हे त्यांच्या कानावर गेलंच असणार. तरी माझी सायकल ते पूर्वीइतक्याच मायेने बघायचे, आणि मला तिथे बसायची लाज वाटायची.

गेल्या रविवारी त्यांच्या दुकानात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या सामान आवरत होत्या.

"ह्यांना ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "पुठ्ठा आत असता तर पॅड चिकटलेच नसते, एवढं कळत नाय व्हय त्यांना? मी लई भांडले, सगळ्यांना सांगून टाका म्हणून. तर म्हणले, तो सांगंल त्याच्या तोंडानं."

चूक दादांची नव्हती, माझी होती. हे पाच शब्द मला चार वर्षांत जमले नाहीत... माझी सायकल स्टँडवर असली की दादा मध्येच हातातलं काम थांबवायचे आणि माझ्याकडे बघत नुसते उभे राहायचे. मला वाटायचं, दमले असतील.