दोन हजार कार्डांचा तारा

"हात पुढे कर," प्राध्यापक म्हणाले. मी केले. भोकं पाडलेल्या दोन हजार कार्डांचा खोका त्यांनी माझ्या तळव्यांवर ठेवला. "कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचेबाहेर उभा राहा. खाली ठेवायचा नाही. तुम्हा लोकांच्या हातात झाडूऐवजी मशीन दिलं की हेच होतं."

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात पगारपत्रकं उरकली की कॉम्प्युटरचा उरलेला वेळ या प्राध्यापकांना मिळे. मॅनेजर त्यांचे मेहुणे. ताऱ्याच्या पोटात तापलेला वायू कसा घुसळतो, चुंबकत्वाला सोबत कसा ओढतो, हे ते आकड्यांनी शोधत. ताऱ्याचे कप्पे पाडायचे, प्रत्येकाचा वेग, उष्णता, चुंबकत्व मांडायचं, मग काळ चिमूटभर पुढे सरकवून सगळं पुन्हा मोजायचं. हजारो वेळा. त्यांच्या कागदावरचं मशीनवर भोकं पाडून कार्डांवर मारायचं, म्हणजे कॉम्प्युटर ते वाचे, हे माझं काम. मी टेंपररी. त्याच आठवड्यात कायम होणार होतो.

काळाचं पाऊल नेहमी ०.०५ असायचं. त्या दिवशी कागदावर ०.५ होतं. मी विचारलं, "सर, एक शून्य राहिलं का?"

"लिहिलंय तेच मार. डोकं चालवायला तुला ठेवलेलं नाही."

मारलं. पाऊल दसपट पडलं. कॉम्प्युटरने छापलेल्या तिसऱ्या पानावर चुंबकत्वाचे आकडे भडकले. पाचव्यावर आकडे मावेनात, नुसत्या फुल्या. प्राध्यापकांचं काम बघायला दिल्लीहून आलेले पाहुणे हसले. प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं, आणि तो खोका माझ्या हातांवर आला.

तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली. सगळे माझ्यासमोरून गेले. "काय राव, गणपती आणला काय?" हशा. मग फाउंड्रीतून आबा आले, माझे वडील. थांबले.

"चूक तुझी हाय का?"

"न्हाई."

"मंग धरलंस कशाला?"

एवढंच. मला सोडवलं नाही. वळून पाहिलं नाही. खांद्यांपेक्षा ते जास्त दुखलं.

खोका जमिनीवर ठेवला. आत गेलो. प्राध्यापकांचाच कागद त्यांच्यासमोर आपटला, ०.५ वर बोट ठेवलं. त्यांचा आवाज लगेच मऊ. "अरे, राहून गेलं. एक कार्ड बदल, पाहुणे थांबलेत."

कार्डं मारणारा दुसरा माणूस रजेवर होता. प्राध्यापकांना ते मशीन चालवता येत नव्हतं. माझं पारडं जड झालंय, हे मला तिथं कळलं.

"आधी लॉगबुकात लिहा, 'चूक माझी.' खाली तुमची सही. पाहुण्यांना वाचून दाखवा."

"तुला कायम व्हायचंय ना?" पाहुण्यांसोबत बसलेले मॅनेजर म्हणाले.

"व्हायचंय. लिहा."

प्राध्यापकांनी लिहिलं नाही. मीही कार्ड मारलं नाही. पाहुणे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं.

आज चिंचवडला माझी स्वतःची तीन पंचिंग मशीनं आहेत, बाहेरच्यांची कार्डं मारून देतो. प्राध्यापकांचा माणूस दोनदा येऊन गेला. "दर तुम्ही सांगाल तो. झालं गेलं सोडा हो."

सोडत नाही. त्यांनी स्वतः यावं, चारचौघांत चूक कबूल करावी. तोवर त्यांच्या ताऱ्याचं एक कार्डसुद्धा माझ्याकडून निघणार नाही.