शेवटचं कडवं गाळलेली कॅसेट

आधीच सांगून ठेवते, हे प्रवासवर्णन रागाने लिहिलेलं आहे. कोल्हापूरला निघालेल्यांना रस्ता, खाणं, राहणं हे सगळं यात मिळेल, पण मध्येच माझा आवाज चढेल. इतकी वर्षं झाली, तो काही खाली यायला तयार नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. घराघरांत टेपरेकॉर्डर शिरायला लागले होते आणि ज्याला त्याला आपली कॅसेट निघावी असं वाटत होतं. माझी मावसबहीण शकुंतला, आमची शकूअक्का, गाणी लिहायची, पेटीवर त्यांना चाल लावायची आणि स्वतःच गायची. माहेर कसबा बावडा, सासर कुरुंदवाड. एकाही कंपनीने तिला दारात उभं केलं नाही, तेव्हा तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि स्वतःच कॅसेट काढली. प्रकाशनाचा कार्यक्रम कोल्हापुरात ठरला. मला तिने एवढंच कळवलं होतं, "ये आणि पहिल्या रांगेत बस. वळखीचं तोंड समोर असलं की माझा आवाज कापत न्हाय." मी लगेच बॅग भरली.

पुण्याहून तेव्हा कोल्हापूर म्हणजे अख्खा दिवस. सकाळी स्वारगेटला एसटी धरायची, कात्रज आणि खंबाटकी असे दोन घाट चढायचे, साताऱ्याला चहा, कराडला जेवण. आता चौपदरी रस्त्याने निम्म्या वेळात पोचाल. पण एक सांगते, दिवाळीनंतर जाल तर जादा वेळ धरून निघा. उसाचा हंगाम चालू असतो आणि कराड मागे पडलं की रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागते. आमचा ड्रायव्हर प्रत्येक गाडीवानाशी बोलत होता, त्यातलं इथे छापण्याजोगं फारसं काही नाही.

मुक्काम बावड्याला मावशीकडे. साखर कारखाना जवळच, त्यामुळे सगळ्या गावाला मळीचा वास. पहिले दोन तास नाक धरावंसं वाटतं, नंतर त्या वासाचीच भूक लागते. अक्का आणि तिचे यजमान, आमचे दाजी, कुरुंदवाडहून आधीच आले होते. दाजींचं खताचं दुकान, स्वभाव गरीब. रात्री अक्काने मला 'भोंगा' म्हणून दाखवलं. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या तिच्या आईच्या संसाराचं गाणं. सुरुवात अशी होती:

भोंगा वाजे कारखान्याचा, चूल पेटे बावड्यात
माझ्या आईचा तवा तापे पहिल्या पाळीच्या धाकात

प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ती आपलं नाव गुंफायची. 'शकू म्हणे' आलं की गाणं संपलं. आपल्याकडे जुन्या काळापासून रचणारा असंच करत आला आहे, त्यात नवं काही नाही. पण रेकॉर्डिंगच्या वेळी नानांनी ही कडवी गाळायला लावली होती. कॅसेटच्या एका बाजूला जागा पुरत नाही म्हणे. नाना म्हणजे शिवाजी पेठेतले रेकॉर्डिंगवाले. कॅसेट भरणं, वेष्टन छापणं, कार्यक्रम लावणं हे सगळं त्यांच्याकडेच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. इथे पाव मागू नका, जाड स्लाइस येतात, आणि कट वेगळा मागायचा. डोळ्यांतून पाणी आलं की मालक खूश होतो. "पावणं, तिखाट लागलं व्हय?" असं विचारून तो आणखी एक पळी ओततो. खरं सांगते, त्या दिवसातलं तेवढंच तिखट मला मानवलं.

तिथून आम्ही तिघं पेठेत नानांच्या दुकानात गेलो. कॅसेटी छापून आल्या होत्या. अक्काने एक उचलली, पदराने पुसली आणि वाचायला लागली. मग ती माझ्या हातात दिली. वेष्टनावर लिहिलं होतं, 'पारंपरिक गीते. गायिका: सौ. शकुंतला'. आडनावसुद्धा नाही. गीत आणि संगीत कोणाचं, ती ओळच नव्हती. खाली नानांचं नाव मात्र ठळक अक्षरांत.

"हे काय?" मी विचारलं.

नाना मुळीच ओशाळले नाहीत. "असं हाय बघा ताई. बाईनं सोता लिवलंय म्हटलं की गिऱ्हाईक हात लावत न्हाय. पारंपरिक म्हटलं की डोळं झाकून घेतंय. आनि पारंपरिकचं एक बरं असतंय, उद्या कुनाला पायजे तर गाऊ दे, कुनाला विचारायचं काम न्हाय."

आता कळलं शेवटची कडवी का गाळली ते! जागा पुरत नव्हती म्हणे. जागा होती, नावाची अडचण होती. मी नानांना जे बोलले ते ऐकायला शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. दाजी मला आवरत होते. "जाऊ द्या की. गानी आपलीच हायत, आपल्याला ठावं हाय." मला दाजींचाही राग आला. आपल्याला ठाऊक असून काय उपयोग? आपल्याला ठाऊक राहावं म्हणून का तिने पाटल्या मोडल्या?

अक्का दुकानातून बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "आता बोलत न्हाय. सांजंला बोलतो." (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात, दचकू नका.)

कार्यक्रम पेठेतल्याच एका शाळेच्या सभागृहात. वेळ उलटून गेली तरी खुर्च्या रिकाम्या, कारण फुटबॉलची मॅच होती आणि ती सुटल्याशिवाय पेठेतला माणूस हलत नाही. सुटल्यावर मात्र हॉल एकदम भरला. जिंकलेले, हरलेले, त्यांच्या घरच्या बायका, सगळे. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या पत्नीचा, हॉल देणाऱ्यांचा, माइकवाल्याचा. हार घालायचं कोणी राहिलं असेल तर जिची कॅसेट होती ती. तिला गुलाबाचं एक फूल मिळालं.

प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक होते. लोकगीतांवर बोलायला उभे राहिले ते बसेचनात. "या गीतांची रचनाकार कोण? कोणीही नाही! जात्यावर बसलेली ती अनाम माउली, शतकानुशतकांची!" असं म्हणून त्यांनी उदाहरण कोणतं द्यावं? 'भोंगा'. शतकानुशतकांचा साखर कारखाना! आणि ती अनाम माउली त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, पेटी घेऊन बसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दातओठ खात बसून राहिले.

शेवटी एकदाची अक्का गायला बसली. तिने पहिलंच गाणं 'भोंगा' घेतलं आणि कॅसेटवर जिथे संपतं तिथे थांबली नाही. गाळलेलं कडवं तिने पूर्ण गायलं, 'शकू म्हणे' सकट. दुसऱ्या गाण्यालाही तेच. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मागून एका बाईने मोठ्याने विचारलं, "अवं, ही शकू कोन म्हनायची?"

अक्काने पेटीचा भाता बंद केला. "मी. ही समोर बसल्याली. ही समदी गानी मी लिवल्यात, चाली मी लावल्यात. कॅसेटवर खोटं छापलंय."

त्याच बाईने नानांकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुमचं ते पारंपरिक कुठनं आलं वो?" त्यावर ज्या शिट्ट्या पडल्या तशा मॅचमध्येही पडल्या नसतील. प्राध्यापक चष्मा पुसत राहिले. नाना म्हणाले, छपाईची चूक आहे. छपाईची चूक! मुद्दाम बोलावून आणलेली चूक!

कार्यक्रम संपल्यावर ती बाई कॅसेट घेऊन अक्कासमोर उभी राहिली. "खोडा ते पारंपरिक. तुमचं नाव लिवा." दाजींनी खिशातलं पेन काढून अक्काच्या हातात दिलं. पाठोपाठ रांग लागली. प्रत्येक वेष्टनावर अक्का आधी रेघ मारायची आणि मग पूर्ण नाव लिहायची, गीत आणि संगीत शकुंतला मगदूम. तिचा हात दुखायला लागला तरी तिने सही आखडती केली नाही. मला दाजींचा राग तिथे सोडावा लागला.

तिसरा दिवस कुरुंदवाडचा. जयसिंगपूर, शिरोळ करत एसटी जाते, रस्ता सगळा उसातून. नृसिंहवाडी जवळच, तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. अक्काच्या हातची कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी तुम्हाला मिळणार नाही, त्याला माझा इलाज नाही. जेवताना ती खुशीत होती. "पुढल्या खेपंला नाव छापतो म्हनालाय नाना," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला होता.

पुढची खेप आली, त्याच वेष्टनाची. अक्का भांडली, दाजीही या वेळी भांडले. नानांनी दुकान विकलं, कॅसेटी दुसऱ्याकडे गेल्या, गाणी लग्नाच्या हळदीत गेली, शाळांच्या स्नेहसंमेलनात गेली. शकू मात्र कुठेच पोचली नाही, कारण तिचं कडवं कॅसेटवर नव्हतंच. अक्का जाऊन आता चार वर्षं झाली.

माझ्याकडे तिने रेघ मारून दिलेली कॅसेट आहे. ती वाजवायला घरात यंत्र नाही, पण वेष्टनावरची शाई शाबूत आहे. गेल्या महिन्यात इंटरनेटवर एका मुलीने गायलेला 'भोंगा' सापडला. गाते फार गोड. खाली लिहिलंय, 'पारंपरिक'. मी प्रतिक्रियेत लिहिलं की हे गाणं शकुंतला मगदूम यांचं आहे, आणि राहिलेलं कडवंही टाकलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी उत्तर दिलं होतं, 'मॅडम, हे कडवं मूळ गाण्यात नाही. उगाच काहीतरी जोडू नका.'

मूळ गाण्यात नाही! तिच्यासमोर बसून ऐकलंय मी. तेव्हा कोल्हापूरला जाणार असाल तर मिसळ खा, वाडीची बासुंदी खा, आणि बावड्यावरून जाताना कारखाना दिसला तर हे म्हणा. पूर्ण म्हणा.

दूर कुरुंदवाडी नांदते, कानी येई ना तो भोंगा
शकू म्हणे, अजून माझा जीव फाटकाशी उभा