सात आणि नऊ नंबरचे दगड

माधवनगरच्या सिकंदर मुजावरचा हात वडिलांच्या लेथवर बसला होता. त्या हाताच्या जोरावरच तो समुद्र-संशोधनाच्या जहाजावर लागला. जाड केबलला बांधलेलं एक यंत्र हिंदी महासागरात तीन किलोमीटर खाली सोडत. सिकंदर वर केबिनमध्ये पडद्यावर नजर ठेवून त्या यंत्राचा लोखंडी हात चालवायचा आणि तळावरच्या ज्वालामुखीचे काळे दगड अलगद उचलायचा.

एका सफरीत शास्त्रज्ञांमध्ये कुंडलची शिवांजली पवार होती. सिकंदर माधवनगरचा आहे हे कळल्यावर तिची शहरी भाषा गळूनच पडली. "आवं सिकंदरभाई, मग तर तुमी शेजारीच की!"

शेवटच्या दिवशी समुद्र खवळला होता. दगड उतरवून घ्यायला सिकंदर डेकवर आला होता. यंत्र वर घेताना जहाज कललं आणि त्यावरच्या ट्रेच्या नंबर टाकलेल्या कप्प्यांतून दोन दगड डेकवर घरंगळले. सात आणि नऊ नंबरचे. बाकीचे केबल आवरण्यात गुंतले होते, कुणीच पाहिलं नाही. कुठला कुठल्या कप्प्यातला ते कळेना, तेव्हा सिकंदरनं अंदाजानं दगड परत ठेवले. नंतर सांगू, असं मनाशी म्हणाला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी शिवांजली सात नंबरच्या दगडाची काचेसारखी साल खरवडत होती. "ह्यो तळाच्या भेगंच्या पार काठावरचा, भाई. लय मोलाचा हाय."

"व्हय," तो म्हणाला. सांगायची वेळ तिथंच गेली.

दोन वर्षांनी तिचा लेख छापून आला. त्या भेगेतला लाव्हा फार खोलवरून आलाय, असं तिनं त्याच दगडावरून मांडलं होतं. कुंडलमध्ये सत्कार ठेवला, सिकंदरलाही बोलावलं. "हे दगड मला सिकंदरभाईंनी काढून दिले," असं ती माइकवर म्हणाली. तिचे वडील कृष्णात यांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. लोक टाळ्या वाजवत होते आणि सिकंदरला मान वर करवेना.

जेवणाच्या पंगतीतून उठून त्यानं तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "दोन वरसं गप का बसला?"

"भ्यालो. मग तुमी एवढं पुढं गेलासा, की तोंडच उघडंना."

"तवाच बोलला असता तर एका दिवसाचं काम हुतं, भाई."

मग तिनं त्या दिवसाचं समुद्रतळाचं चित्रीकरण पुन्हा काढलं. यंत्राच्या हातानं नऊ नंबरचा दगड उचलताना त्याचा कोपरा तुटलेला स्पष्ट दिसत होता. तो तुटका दगड सातच्या डब्यात होता, म्हणजे लेखातला दगड भेगेच्या काठावरचा नव्हताच. शिवांजलीनं स्वतःहून लेख मागं घेतला. नवं काम उभं करायला तिला दीड वर्ष लागलं. सिकंदरनं कार्यालयाला लेखी कबुली दिली. त्याच्याकडून यंत्राचा हात चालवायचं काम काढून घेतलं, त्याला डेकच्या कामावर टाकलं. त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. आई चांदबीनं कारण विचारलं तेव्हा मात्र "बदली झाली" एवढंच बोलला, आणि तेही त्याला खुपत राहिलं.

परवा शिवांजलीचा फोन आला. "पुढच्या सफरीला हाय न्हवं?"

"हाय. दगड उतरवताना मी तितंच हुबा राहीन. काय बी झालं तर लगीच सांगीन."

"चालंल," ती म्हणाली. राग गेला होता का, ते आवाजावरून कळेना, आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही.