पडण्याची मजुरी

कडूबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खाणीवर जायचं उजाडल्यावर. मधला वेळ पायासाठी. गुडघ्याखाली उरलेला तुकडा कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, त्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची, मग लाकडी पायाचा चामडी पट्टा मांडीला आवळायचा. सैल राहिला तर पाय फिरतो. जास्त आवळला तर दुपारपर्यंत मांडी बधिर. हे सगळं झाल्यावर तो भाकरीला बसायचा. आम्ही दोन पायांची माणसं तेव्हा घोरत असायचो, आणि खाणीवर उशिरा पोचायचो तेही आम्हीच.

आमची खाण देऊळगाव राजाच्या अलीकडे, चिखली रस्त्याला, टेकडीच्या पोटात होती. जपानशी चाललेली लढाई संपून वर्ष झालं होतं. वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, रस्त्यांना खडी लागे आणि ती आम्ही फोडत असू. हे काम बसून करतात म्हणून लोकांना हलकं वाटतं. दगड दोरीच्या कड्यात धरायचा, म्हणजे चिपा डोळ्यात जात नाहीत, आणि घाव त्याच्या शिरेवरच घालायचा. शीर चुकली की एका घावाचे तीन होतात. कडूबाची शीर सहसा चुकत नसे. मी त्याच्या शेजारी बसायचो, म्हणून सांगतो.

खडी फोडायची नाही, याच कारणासाठी तो पलटणीत गेला होता. पलटणीने त्याला आसामच्या डोंगरात नेलं आणि खडी फोडायला बसवलं. ब्रह्मदेशाकडे रस्ता चालला होता. इथल्यापेक्षा फरक एवढाच, की तिथे पावसात फोडायची. एके दिवशी दरड कोसळली आणि पाय गेला. गावी आल्यावर त्याने पाच-सहा ठिकाणी काम मागितलं. सगळ्यांनी त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, काम दिलं नाही. मग तो पुन्हा खाणीवर आला. पेन्शन मीठ-मिरचीपुरती होती. टेकडी चढून खाणीवर पोचला तर चूल पेटायची, आणि टेकडी चढायची तर पाय धड पाहिजे.

तो बांधायचा तो त्याचा दुसरा पाय. पहिला सरकारी होता. पॉलिश केलेला, आतून पोकळ, खाली काळा बूट. तो घालून कडूबा आला तेव्हा गाव पाहायला जमलं. फरशीवर तो पाय झकास चालायचा. आमच्याकडे फरशी नव्हती. पहिल्याच पेरणीला कडूबा वावरात उतरला आणि पाय काळ्या चिखलात बुटासकट गेला. कडूबा बाहेर आला, पाय आला नाही. दोघांनी ओढून काढला. मग त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, तो आढ्याला टांगला आणि त्यात दोडक्याचं, भोपळ्याचं बी राखेत घालून ठेवलं. बी चांगलं टिकायचं. दुसऱ्या कोणत्या सरकारी वस्तूचा आमच्या गावाला एवढा उपयोग झालेला मला आठवत नाही.

दुसरा पाय इंद्रभान सुताराने केला, मोडक्या गाडीच्या जुन्या बाभळीतून. खाली थाळीएवढा रुंद तळवा, तळव्याला लोखंडी कडं. चिखलात रुतायचा नाही, दगडावर घसरायचा नाही. इतकं वाळलेलं लाकूड हाती लागायला इंद्रभानला अख्खा हिवाळा हिंडावं लागलं होतं. कडूबा त्या पायाला जवसाचं तेल पाजायचा. स्वतःच्या डोक्याला लावायचा नाही.

त्या उन्हाळ्यात पुण्याची एक सिनेमा कंपनी देऊळगावला धर्मशाळेत उतरली. पिक्चर लढाईवरचा होता. एक शिपाई पाय गमावून गावी येतो, त्याला कोणी विचारत नाही, काम मिळत नाही, आणि त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडतो, अशी गोष्ट. गोष्टीत खोट नव्हती. खरा लंगडा शिपाई पाहावा म्हणून कंपनीचे मालक आणि दिग्दर्शक सुधाकरपंत मोटार घेऊन थेट खाणीवर आले.

"पाय कुठल्या लढाईत गेला?" त्यांनी कडूबाला विचारलं.

"आसामात, सायेब. रस्ता बांधून राह्यलो होतो. दरड पडली."

"दरड?" पंतांचा चेहरा पडला. "बॉम्ब वगैरे नाही?"

"बॉम्ब नाई. धोंडा. पन लय मोठा होता," कडूबा समजूत घातल्यासारखा म्हणाला.

"शत्रू किती लांब होता?"

"कोनाले मालूम? आमाले मुकादम दिसे."

"असू दे. बॉम्ब आम्ही घालू. तुम्ही जरा निराशा दाखवा बघू."

"कशी?"

"म्हणजे असं बघा, तुम्ही लढाईत पाय दिलात, आणि आज इथे खडी फोडताय. काय वाटतं?"

"राग येते."

"मग तो चेहऱ्यावर का दिसत नाही?"

"चेहऱ्यावर ठेवून काय करू? दगडावर काढतो." कडूबाने घाव घातला. "हा पाहा, फुटला."

पंतांनी त्याचे दंड पाहिले, छाती पाहिली, आणि आपल्या माणसाला आमच्यादेखत म्हणाले, "हा नाही शोभत. लोकांना दया यायची नाही."

शिपायाचं काम करायला त्यांनी पुण्याहून अनंतकुमार नावाचा नट आणला होता. गोरा, बारीक, बघताक्षणी दया यावी असा. कडूबाने त्याला चालणं शिकवायचं, आणि लांबून, पाठमोरं चित्र घ्यायचं असेल तिथे त्याच्या जागी स्वतः चालायचं, असं ठरलं. मला नटाच्या तोंडावर उजेड पाडायला उन्हात चमकता पत्रा धरून उभं राहायचं काम मिळालं. पत्रा जड नव्हता, पण हलवायचा नाही म्हणजे काय, ते धरल्यावर कळतं.

अनंतकुमारचा पाय मागे दुमडून ढगळ पँटीत बांधायचे. थोडा वेळ झाला की तो कळवळायचा, मग पाय सोडायचे आणि दोन माणसं तेल चोळायला बसायची. अशा एका तेलाच्या वेळी त्याने कडूबाला विचारलं, "तुम्हाला याची सवय कशी हो झाली?"

"तुमचा सुटते, सायेब," कडूबा म्हणाला. "माहा सुटत नाई."

अनंतकुमारने हे वाक्य पंतांना सांगितलं. पंतांनी ते लिहून घेतलं आणि पिक्चरमध्ये त्याच्याच तोंडी घातलं. वाक्याचा काही भाव ठरला नव्हता.

टेकडी चढायच्या दिवशी अडचण झाली. कडूबा रोजची टेकडी रोजच्यासारखी चढून गेला. खाली पंत कपाळाला हात लावून उभे.

"अहो, पडायचं आहे! अर्ध्या वाटेत कोसळायचं!"

"काऊन?"

"थकलाय तो. हरलाय."

"थकते, हाव. पन पडत नाई," कडूबा म्हणाला. "पडलो असतो तर वर कोन गेलं असतं?"

"पिक्चरमधला पडतो, कडूबा."

कडूबाने जरा विचार केला. "मंग नगावर घ्या. खडीच्या एका ढिगाचा जो भाव, तो एका पडन्याचा."

पंत हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं, एकदाच पडायचं आहे. पण एकदा ढग आला, एकदा खाली बैल हंबरला, एकदा कडूबा पडताना हाताने सावरला. माणूस पडताना सावरतोच. न सावरता पडायला फार जोर लागतो. संध्याकाळपर्यंत त्याची कोपरं सोलली, आणि पंतांचं हसू गेलं. पिक्चरमध्ये त्यातलं एकच पडणं लागलं. बाकीच्यांचे पैसे मात्र त्यांना द्यावे लागले, कारण आम्ही सगळे मोजायला उभे होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीच्या वेळी पंतांचा माणूस शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलत होता, ते माझ्या कानावर आलं. गावची होळी पेटलेली, शिपाई येतो, आपला लाकडी पाय काढतो आणि होळीत टाकतो. संपलं. मी घास टाकून कडूबाकडे गेलो.

"तुहा पाय जाळून राह्यले बे."

"कोनता?"

"बांधला तो."

कडूबा तसाच उठून पंतांकडे गेला. "सायेब, जाळाचा तर घरी सरकारी हाये. बी काढून देतो अन् काडीबी मीच लावतो."

"तो नको, तो फार नवा दिसतो," पंत म्हणाले. "काळजी करू नका. तुमच्या पायासारखा दुसरा करून घेऊ. तो जाळू."

इंद्रभानने सलईच्या लाकडाचा दुसरा पाय केला. सलई म्हणजे पेटी-खोक्याचं लाकूड, जाळायचाच आहे तर स्वस्तातला कर असं त्याला सांगितलंही होतं. त्याने तळवा केला, काळं फासलं, चरे पाडले. लांबून मला दोन्ही सारखे दिसले. झुंबरबाई म्हणाली, "आता घरात मानसाईपेक्षा पाय जास्त झाले. एखादा शेजारी देऊन टाका."

अशी ऐन वैशाखात आमच्या गावची होळी पेटली. वरून ऊन, खालून जाळ. गावच्या बायकांना धुतलेली लुगडी नेसवून, पाण्याचे तांबे देऊन होळीभोवती उभं केलं होतं. झुंबरबाई पुढेच होती. एका बाईने विचारलं, "शिमगा दोनदा आला, बोंबा बी दोनदा माराव्या का?" पंतांनी तिला मागे पाठवलं.

अनंतकुमारने सलईचा पाय हातात घेतला. पंतांनी यंत्रातून पाहिलं आणि मान हलवली. "यात दुःख दिसत नाही." मग कडूबाकडे येऊन गोड आवाजात म्हणाले, "तुमचा द्या जरा. फक्त हातात धरलेला दाखवू. टाकताना बदलू."

कडूबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पत्रा होता. त्याने पट्टा सोडला, पाय काढून दिला आणि बाजेवर बसला. सगळ्या गावादेखत पाय काढून बसायची त्याची ती पहिली वेळ. तो पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

अनंतकुमार पाय घेऊन होळीशी गेला. त्याने पायाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. यंत्र घरघरत होतं. कोणी थांबा म्हणालं नाही. त्याने पाय जाळात टाकला.

इतकं तेल प्यालेलं लाकूड. तळव्याने लगेच पेट घेतला.

कडूबा ओरडला. शब्द लिहिण्यासारखे नव्हते. मी पत्रा फेकला, पण तो माझ्या खांद्याची वाट पाहत थांबला नाही. एका पायावर उड्या मारत तो बायकांच्या मधून होळीत हात घालायला निघाला. झुंबरबाईने आधी आपला तांबा जाळावर उपडा केला, मग शेजारणीच्या हातातला, मग बाकीच्या बायकांनी आपापले. वाफ उठली. कडूबाने पट्ट्याला धरून पाय बाहेर ओढला आणि मातीत लोळवून त्यावर पालथा पडला.

"थांबा! थांबा!" पंत धावत आले. "सगळी फिल्म नासली. आणि असा ओरडतो का निराश माणूस? हे पार खोटं वाटतं!"

"सायेब, पाय माहा हाये," कडूबा जमिनीवरून म्हणाला.

"तुमचाच टाका ना जाळात," झुंबरबाई पंतांना म्हणाली. "तुमाले तर दोन-दोन हायेत."

गाव हसलं. पंत हसले नाहीत. पुन्हा लाकडं रचली, पुन्हा होळी पेटवली. आता जाळायला सलईचाच पाय उरला होता, तोच जाळला. अनंतकुमारच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, पाणी आलं, आणि सगळं छान झालं म्हणून पंतांनी त्याला मिठी मारली. म्हणजे सलईच्या पायात दुःख दिसत होतं. फक्त आधी पाहायचा कंटाळा केला होता.

संध्याकाळी हिशेबाच्या वेळी कंपनीच्या माणसाने त्या दिवसाची मजुरी कापली, फिल्म नासली म्हणून. पडण्याची मजुरी ठरल्याप्रमाणे दिली. कडूबाने विचारलं, "अन् जाळन्याचा भाव?" तो माणूस म्हणाला, पाय परत मिळाला ना. मिळाला होता, पण तळव्याचा कोळसा होऊन, आणि कोळशावर टेकडी चढता येत नाही.

पुढच्या साली तो पिक्चर चिखलीला तंबूत लागला. आम्ही दोघं खाली जमिनीवर बसलो. टेकडीवर कडूबाची पाठ एकदा दिसली, पडली, आणि लोक हळहळले. शेवटी होळीत पाय पडला तेव्हा मागचा एक माणूस मुसमुसत होता. उजेड झाल्यावर तो डोळे पुसत उठला, कडूबाच्या पायाला अडखळला आणि म्हणाला, "लंगड्या, पाय आवर की!"

मजुरीचं सांगायचं राहिलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी कडूबा खाणीवर आला नाही. मी आणि झुंबरबाईने त्याला खांद्याचा आधार देऊन इंद्रभानकडे नेलं. इंद्रभानने जळका भाग करवतला. वरचा दांडा वाचला होता, तळवा गेला होता, आणि तापल्यावर पाणी पडून लोखंडी कडं तडकलं होतं. कडूबाने कंबरेची पिशवी त्याच्यासमोर सोडली. टेकडीवर जितक्यांदा पडला होता, त्या सगळ्या पडण्यांचे पैसे त्यात होते. त्यात बाभळीचा नवा तळवा झाला आणि इंद्रभानची दोन दिवसांची मजुरी भागली. लोखंडी कड्याला कमी पडले. कड्याशिवायच तो खाणीवर आला, टेकडीवर दोनदा घसरला, आणि आठवडाभर खडी फोडून त्याने कडं बसवून घेतलं.