नांबू पिस्तूल आणि माझा उजवा हात

भुतंखेतं, शाप, झपाटलेल्या वस्तू... यातलं काही मी कधी मानलं नाही. खरं सांगायचं तर आजही मानत नाही. मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. कुठल्या नसेला सुई लावली की अंगाचा कुठला भाग बधीर होतो, हे मला तोंडपाठ आहे. तरीही लिहितोय.

मला जुनी जपानी लष्करी पिस्तुलं जमवायचा नाद. इकडे चालू स्थितीतली घरात ठेवता येत नाहीत. निकामी केलेली, सर्टिफिकेटवाली चालतात. ओळखीतून लोक किंमत विचारायला बोलावतात. असाच गेल्या उन्हाळ्यात ट्रेननं मेडनहेडला एका इंग्लिश बाईंकडे गेलो. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते, पिस्तूल तिथून आणलेलं.

भर दुपार, घरामागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, लख्ख ऊन. टेबलावर टॉवेलमध्ये नांबू. ट्रिगरभोवतीची कडी मोठी – हातमोजा घातलेलं बोट आत जावं म्हणून पुढे तशी केली – म्हणजे नंतरचं मॉडेल. मी ते उजव्या हातात घेऊन उजेडात धरलं.

"मॅगझिनवरचा नंबर पिस्तुलाशी जुळतोय," मी म्हणालो. "असं क्वचित सापडतं. किंमत चांगली–"

पिस्तूल हातातून निसटून फरशीवर पडलं.

कळ नाही, मुंग्या नाहीत. बोटं हलत होती, पण मनगटाच्या खाली काहीच जाणवत नव्हतं. पुढून-मागून, सगळा पंजा. अशी नेमकी बधिरता देणारी एकही नस माणसाच्या शरीरात नाही.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "उजवाच ना?" त्यांनी हळूच विचारलं. "डॅडचाही तोच. हे पहिल्यांदा उचललं तेव्हापासून. पण मी स्वतः कितीदा पुसलंय हो... मला कधी काही झालं नाही. नाहीतर तुम्हाला आधीच सांगितलं असतं."

एमआरआय झाला, नसांच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. न्यूरॉलॉजीतला मित्र म्हणाला, "स्ट्रेस असेल." ऑपरेशन थिएटरमधलं काम थांबलं, मला कागदपत्रांच्या कामावर बसवलं. वाईट वाटायला हवं होतं... वाटलं नाही. मृणाल, माझी बायको, जिन्यात बसून रडली तेव्हाही मी नुसता उभा होतो. बधिरपणा मनगटाशी थांबला नसावा.

शेवटी बाईंना फोन केला. "तुमच्या वडिलांचा हात कधी बरा झाला का?"



"झाला," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये. माझा हात धरून म्हणाले, किती गार आहेत गं तुझे हात! मला इतका आनंद झाला... त्याच संध्याकाळी ते गेले."

योगायोग असेल. मेंदूचा काही खेळ असेल. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं त्यांच्याकडेही नाही.

मृणालला हे सांगायला नको होतं, पण सांगून बसलो. आता रोज सकाळी उठल्या उठल्या ती माझा तळहात दाबते.

"काही कळतंय का रे?"

"नाही."

मग ती सुटकेचा निःश्वास टाकते आणि चहाचं आधण ठेवायला खाली जाते.