घाम, वर्ख आणि सुईवाल्या बाई

आधी बाईंचं सांगते. हडपसरला माझ्या खोलीच्या खाली ज्यांचा सुयांचा दवाखाना आहे, त्या बाईंनी मला पुण्यात टिकवलं. त्या नसत्या तर मी दिवाळीच्या आत भंडाऱ्याला परत गेले असते. आणि गावात तर मी सगळ्यांना सांगून बसले होते की माझी नोकरी पक्की झाली.

पक्की कसली! मंडईजवळच्या एका मिठाईवाल्याच्या कारखान्यात मला 'पंधरा दिवस काम बघू, मग ठरवू' या बोलीवर घेतलं होतं. काम बर्फीवर चांदीचा वर्ख लावायचं. सातवीत शाळा सोडलेल्या बाईला याहून सोपं काम काय मिळणार, असं मला वाटलं. पण वर्ख भलताच नाजूक. नुसत्या श्वासाने उडतो आणि घामट बोटाला चिकटला की सुटत नाही. मला तर जरा भीती वाटली की तळहातांना झरे फुटतात. चौथ्या दिवशी मालक माझ्या बोटांकडे बघत म्हणाले, "आपण स्वतःलाच मढवताय. बर्फीने काय पाप केलंय?"

त्या संध्याकाळी बाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मनगटांत सुया टोचल्या आणि टोचता टोचता चिनी लोकांचं शास्त्र सांगितलं. अंगात 'ची' असतो, म्हणजे दम म्हण. तो अंगातलं पाणी हलवतो आणि तोच ते आत धरून ठेवतो. दम कमी पडला की घाम नको तेव्हा गळतो. "आणि घाम फार गेला, की त्याच्यासोबत दमही जातो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दम वाचवायला लागले. कारखान्यात बोलणं बंद. बसमागे धावणं बंद. त्यात दोन बस गेल्या. आईचा आवाज ऐकला की मला रडू येतं, आणि आसवं म्हणजेही अंगातलं पाणीच, म्हणून एसटीडी बूथवर जाणंही बंद. तरी घाम यायचाच. आला की वाटायचं, गेला थोडा दम. त्या धास्तीने आणखी घाम. शेवटी मी मुळावरच घाव घातला. पाणी पिणंच सोडलं. आत नाही तर गळेल काय?

मालकांनी विचारलं, "मौन आहे की उपास?"

मी नुसती मान हलवली.

"दोन्ही दिसतंय. बरंय. परवा पंधरा दिवस भरतात. मी स्वतः बघायला येतो."

त्या दिवशी दवाखान्याच्या दारातच मला भोवळ आली. बाईंनी धरून बसवलं.

"जीभ काढ. अगं, ही जीभ आहे की पापड? पाणी कधी प्यायलीस?"

"काल सकाळी जी."

"काहून?" 'का'साठीचा माझाच भंडाऱ्याकडचा शब्द बाईंनी मला परत दिला.

मी माझी युक्ती सांगितली. बाई कपाळाला हात लावून बसल्या. शेजारच्या खाटेवर मांजरी गावचे ऊस पिकवणारे एक आजोबा हातापायांत सुया घेऊन पडले होते, ते उठायलाच लागले.

"पोरी, मोटार कितीबी दमाची आसू दे, हिरीत पाणी नसंल तर ती कोरडी फिरून जळती."

"आजोबा, हलू नका, सुया आहेत."

"न्हाय हलत. आन मोटारच बंद आसंल, तर हीर भरून काय उपेग? पाणी काय आपल्या पायानं उसात जातंय व्हय? आन दारं धराया मानूस नसंल, तर समदं पाणी रस्त्यावर."

दारं धरणं म्हणजे सरीचं तोंड मातीने मिटायचं, उघडायचं, पाणी हवं तिथेच वळवायचं. हात हलवायची बंदी, म्हणून आजोबांनी हे सगळं भुवयांनी करून दाखवलं.

"मी एवढी वर्षं शिकले ते हेच," बाई म्हणाल्या. "ची पाणी चालवतो, ची पाणी धरतो. पण पाणीच नसेल तर तो अंगभर फिरणार कशावर बसून?" आणि समोर उभं राहून त्यांनी मला दोन तांबे लिंबूपाणी पाजलं.

मालक आले त्या दिवशी मी पोटभर पाणी पिऊन गेले होते. ते समोर उभे राहिले आणि तळहात ओले व्हायला लागले. फडक्याला हात पुसले, मनात म्हटलं, दारं धर. पहिला वर्ख चुरगळला. दुसरा सपाट बसला. ताट संपलं तेव्हा फक्त अंगठा चांदीचा झाला होता.

मालकांनी ताट फिरवून पाहिलं. "एक कोपरा उघडा राहिलाय."

मी चांदीचा अंगठा फडक्यात लपवला.

"मौन सुटलं नाही वाटतं. उद्या नऊला या. नऊ म्हणजे नऊ."

"हो जी!" मी इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या ताटावरचा वर्ख उडाला.

सुयांनी झालं, पाण्याने झालं की आजोबांच्या मोटारीने, मला आजही सांगता यायचं नाही. बर्फी घेऊन बाईंकडे गेले तर म्हणाल्या, "गोडाने अंगात ओल साचते, ठेव तिकडे." 'तिकडे' आजोबा होते. डबा रिकामा झाला.

म्हणजे बाईंचं ऋण तसंच राहिलं. दिवसभर लोकांच्या जिभा बघणाऱ्या या बाई स्वतः पाणी प्यायला विसरतात, हे मी जाता-येता दवाखान्याच्या खिडकीतून रोज बघते. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेईन. तलावाच्या पाळीवर बसवीन, आईच्या हातचं खाऊ घालीन. पण त्याआधी तांब्या पुढे करून म्हणेन, "बाई, जीभ दाखवा."