फेट्यातला बगळ्याचा तुरा

आमच्या घरातल्या प्रत्येक नवरदेवाच्या फेट्यात बगळ्याच्या पिसांचा पांढरा तुरा खोचतात. मराठा राज्यात कारकुनी करायला आलेल्या पूर्वजाला तो दरबारातून मिळाला म्हणे. कारकुनाला तुरा कोण देतं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

आईच्या मागे तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आई तुऱ्याच्या डब्यात भिवापुरी मिरच्या ठेवायची, तिखटाने कसर लागत नाही म्हणून. दर उन्हाळ्यात जुन्या काढून नव्या घालायच्या. मी तीन वर्षं बदलल्याच नाहीत. दादाच्या मुलाच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना डबा उघडला, तर मिरच्यांना लागलेली कीड तुऱ्यात शिरलेली. नुसत्या काड्या आणि लाल भुकटी.

दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो चारचौघांत म्हणायचा, "हिच्या हाती देल्ली वस्तू कधी जात नाही." मला त्या कौतुकाची चटक होती. मी गुपचूप महाल भागातल्या फेटेवाल्याकडे गेले.

"नायलॉनचा लावा न बाई. कोणाले समजते?"

"दादा हात लावून पाहील."

त्याने आवाज उतरवला. "मौद्याकडं एक जण आहे. बगळ्याचे विणीचे दिवस आहेत, असं पीस आत्ताच भेटते. पण बंदी आहे, कोणापाशी बोलू नका."

बंदी मला ठाऊक होती. विणीचे दिवस म्हणजे घरट्यात पिल्लं, तेही. मी हो म्हटलं.

चार दिवसांनी पुडी आली. देठांवर वाळलेलं रक्त होतं. ते मी नखाने खरडलं, आणि पिसं जुनी दिसावीत म्हणून कोऱ्या चहात बुडवली.

लग्नाच्या हॉलसमोर चिंचेवर बगळ्यांची घरटी होती. वर सारखा कलकलाट. वऱ्हाडी वैतागत होते. मी मान वर केली नाही. दादाने मुलाच्या तुऱ्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

नवरी घरात आल्यावर त्याने तुरा डब्यात ठेवला, ताज्या मिरच्या घातल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

"तूच ठेव वं. माह्या नातवाच्या लग्नापर्यंत तुह्याचपाशी राहू दे."

मिरच्या मी आता दर उन्हाळ्यात बदलते. डोळ्यांना पाणी येतं. मिरच्या हातात असतात, त्यामुळे काहून रडून राहिली म्हणून कोणी विचारत नाही.